मळकट हळकुंडं निवडा: हळदीतलं शिसं आणि माझी तपासायची पद्धत

माझा धंदा मसाल्यांचा. पुण्यात सिंहगड रोडला एक गाळा, त्यात कांडप मशीन, एक छोटी गिरणी आणि मदतीला दोन मावश्या. माहेर मिरजेचं, म्हणजे हळदीच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. वर बी.एस्सी.ला केमिस्ट्री. त्यामुळे हळद आपल्याला कळते, असा माझा ठाम समज होता. तीन वर्षांपूर्वी एका कागदाने तो उतरवला.

त्या वर्षी लग्नसराईत मागणी एकदम वाढली. नेहमीच्या शेतकऱ्याकडचा माल संपला, म्हणून एका घाऊक व्यापाऱ्याकडून ५० किलोचं पोतं उचललं. हळकुंडं अशी पिवळीधमक, एकसारखी, गुळगुळीत, की मावशी म्हणाल्या, "ताई, ही कुटायची कशाला, हिचे हार करा." मी घरच्या घरी पाण्याची चाचणी केली, ॲसिडची केली. दोन्हींत पोतं पास. योगायोगाने एका गिऱ्हाइकाला माल परदेशी पाठवायचा होता आणि तिला प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा होता, म्हणून नमुना पाठवला. रिपोर्टात शिसं ३१ मिलिग्रॅम प्रति किलो आणि क्रोमियम ८.४. आपल्याकडे हळदीसाठी शिशाची कायदेशीर मर्यादा १० आहे.

तो आकडा वाचून मी आधी हिशोबाची वही काढली. त्या पोत्यातली ११ किलो पूड विकली गेली होती. एकेकीला फोन करून परत मागवली. दोघींनी ती संपवली होती. त्या दोन फोननंतर मी जी पद्धत बसवली, ती इथे सांगते.

आधी हे शिसं हळदीत येतं कुठून ते बघू, कारण खरेदीची सगळी अक्कल त्यातच आहे. शेतातून आलेले ओले गड्डे शिजवतात, उन्हात कडक वाळवतात आणि मग जाळीच्या ड्रममध्ये घालून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर घासून साल आणि मुळं झडतात. याला पॉलिश म्हणतात. शेवटी रंग यावा म्हणून हळदीचंच पाणी शिंपडायची रीत आहे. ज्याला फसवायचं असतं तो याच टप्प्यावर पिवळी भुकटी टाकतो. ती लेड क्रोमेटची, म्हणजे रंगकामातल्या क्रोम यलोची. मळकट, किडकी, पावसात भिजलेली हळद मूठभर भुकटीत एक नंबर दिसायला लागते. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण पोटातल्या आम्लात त्यातलं शिसं सुटतं. आणि वजनाने ते ६४ टक्के शिसंच असतं.

हा प्रकार सगळ्यात नीट उलगडला बांगलादेशात. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात वाजवीपेक्षा जास्त शिसं सापडत होतं, जवळपास तिघींपैकी एकीच्या. आसपास ना कारखाना, ना बॅटऱ्यांची भट्टी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्साइथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी एकेक संशयित तपासला: कीटकनाशकं, डब्यांचे डाग, माती, हळद. शिशाची समस्थानिकं, म्हणजे वजनाने किंचित वेगळे अणू, असतात आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खाणीखाणीनुसार बदलतं. म्हणजे बोटांच्या ठशासारखंच. बायकांच्या रक्तातला ठसा हळदीतल्या ठशाशी जुळला. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. जुन्या व्यापाऱ्यांशी बोलताना त्यांना कळलं की ही खोड १९८० च्या दशकातल्या एका पुरानंतर लागली. हळद भिजली, काळवंडली, आणि कुणीतरी तिला रंग दिला. पुढे गिऱ्हाइकालाच त्या रंगाची सवय झाली.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. सरकारने मनावर घेतलं. ढाक्याच्या श्यामबाजारात अधिकारी हातात मावणारं एक्स-रे यंत्र घेऊन शिरले, पोत्यांवर धरलं, दोन घाऊक व्यापाऱ्यांना जागेवर दंड ठोकला आणि त्याची बातमी देशभर दाखवली. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही. दोन वर्षांत! पॉलिशच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही साधारण ३० टक्क्यांनी उतरलं.

आपल्याकडे काय? २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका मिळून २३ शहरांतल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास आला. १४ टक्के नमुन्यांत शिसं २ मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर. पाटण्यात एका नमुन्यात २,२७४, गुवाहाटीत १२७. कराची आणि पेशावरमध्येही हजाराच्या वर. जास्त गडबड पॉलिश केलेल्या हळकुंडांत आणि सुट्या पुडीत. हे वाचून "बाजारातली सगळी हळद विषारी" असा मेसेज कृपा करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. १४ टक्के वाईट म्हणजे ८६ टक्के बरे. मात्र तुमच्या बरणीतली हळद कुठल्या बाजूची, हे हा अभ्यास सांगू शकत नाही.

आता एक हिशोब तुम्हीही करा, पाच मिनिटांचा आहे. वर्षाला तुमच्या घरात हळद किती लागते? आमच्याकडे चार माणसांना अडीच किलो. २,५०० भागिले ३६५, भागिले ४, म्हणजे माणशी दिवसाला साधारण १.७ ग्रॅम. हळदीत शिसं कायद्याच्या मर्यादेइतकं, १० मिलिग्रॅम प्रति किलो असेल, तर दिवसाला १७ मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सगळ्या खाण्यातून मिळून दिवसाची जी संदर्भ-पातळी धरली आहे ती लहान मुलांसाठी २.२ आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम. म्हणजे आपल्याकडे पूर्ण कायदेशीर असलेली हळदसुद्धा आमच्या घराच्या हिशोबात बसत नाही! आम्ही मराठी माणसं पोह्यांपासून आमटीपर्यंत सगळ्यात हळद घालतो, आणि कोविडनंतर रात्रीचं हळदीचं दूध सुरू झालं ते वेगळंच. युरोपात हळद-आल्यासारख्या कंदमुळांच्या मसाल्यांना मर्यादा १.५ आहे. मी तीच धरते. रिपोर्टात १.५ च्या वर आकडा आला तर तो माल माझ्या गाळ्यात येत नाही, कायदा काही म्हणो.

घेताना

पूड घेऊ नका, हळकुंडं घ्या. पुडीत काय आहे हे ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. हळकुंडाचा दर्शनी रंग खरं तर मळकट, तपकिरीकडे झुकणारा पिवळा असतो. त्यावर बारीक कडी असतात, कुठे सालीचा तुकडा चिकटलेला असतो. एक हळकुंड बत्त्याने फोडा किंवा अडकित्त्याने कापा. आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद, नारिंगी, मेणासारखा चमकणारा हवा. बाहेर लिंबासारखं पिवळं आणि आत फिकट असं उलटं चित्र दिसलं तर मी पोतं तिथेच ठेवते. माझ्या त्या पोत्यात हेच होतं. मी फोडून पाहिलंच नव्हतं, वरचा रंग बघून भाळले होते.

दुसरं, ओला पांढरा सुती रुमाल न्या आणि दहा-बारा हळकुंडं चोळा. हळदीचा डाग पडणारच, तो कुठल्याही हळदीचा पडतो. बघायचं ते हे की कड्यांच्या खोबणीतून चिखलासारखी पिवळी भुकटी निघते का. निघाली तर ती कशाची, हे दुकानदाराला विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर येतं "पॉलिशचीच हळद आहे हो". असेलही. पण मग मी कमी पॉलिशचा माल मागते. सांगलीच्या बाजारात असो, नाहीतर वसमतच्या, शेतकऱ्याकडून थेट घेतलीत तर बिनपॉलिशची मिळते. ती बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "ही काय, मातीत लोळून आली?" आता त्याच शेजारणींना सांगतात की मळकी बघून घ्या.

पूजेची म्हणून मिळणारी सुटी हळद स्वयंपाकात वापरू नका, हळदीकुंकवाच्या पुड्यांतही बांधू नका. लेकरं बोटं चाटतात. शेंदूर तर मुळात शिशाचाच, पारंपरिक शेंदूर म्हणजे लेड ऑक्साइड. देव्हाऱ्याचं ताट आणि मिसळणाचा डबा शेजारी ठेवत असाल तर लांब करा.

घरच्या चाचण्या कशासाठी आहेत आणि कशासाठी नाहीत

इथे मी स्वतः फसले, म्हणून जरा थांबते. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सांगितलेली पाण्याची चाचणी अशी: काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात अख्खं हळकुंड टाका. शुद्ध हळकुंड लगेच रंग सोडत नाही, वरून रंगवलेलं असेल तर पाणी ताबडतोब पिवळं होतं. पूड असेल तर चमचाभर टाका, पण हलवू नका. खाली बसताना शुद्ध पूड फिकट पिवळा रंग सोडते, भेसळीची गडद. करून बघा, पाच पैशांचा खर्च नाही. नापास झाली तर हळद टाकून द्या. पण पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. ३१ चा आकडा म्हणजे किलोभर हळदीत जेमतेम ४८ मिलिग्रॅम लेड क्रोमेट, मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी. पेल्यात टाकलेल्या एका हळकुंडावर ते किती असणार आणि तुमच्या डोळ्याला काय दिसणार?

ॲसिडची चाचणी तर वेगळ्याच चोराची. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकल्यावर गुलाबी रंग आला आणि पाणी घातल्यावरही टिकला, तर मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग आहे असं समजायचं. शिशाबद्दल ती चाचणी अवाक्षर काढत नाही. शिवाय हळद स्वतःच रंग बदलणारी बया. चुन्याने लाल होते, त्यातूनच तर कुंकू बनतं. साबणाने डाग लाल होतो. तेव्हा यूट्यूबवर कुणी "लाल झाली म्हणजे शिसं" असं सांगत असेल तर तो व्हिडिओ बंद करा. आणि बाथरूमचं ॲसिड तर स्वयंपाकघरात आणूच नका.

नमुना प्रयोगशाळेत पाठवणं

एका घरासाठी हा खर्च जड वाटेल. मला शेवटच्या वेळी एका नमुन्याला दोन हजारांच्या आत पडले, पण दर जागोजागी वेगळे असतात, तीन ठिकाणी विचारा. सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून वर्षाची हळद एकाच शेतकऱ्याकडून, एकाच लॉटची घेतली, तर घरटी दोनशे-अडीचशे रुपयेच येतात. बिशीत त्याहून जास्त जातात.

फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत, मसाल्यातलं शिसं आहे का. नुसतं पाण्यातलं असेल तर उपयोग नाही. यंत्र कोणतं, आयसीपी-एमएस (अगदी बारीक प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) म्हणाले तर उत्तम. आणि एलओक्यू किती, म्हणजे किती कमी शिसं ते खात्रीने मोजू शकतात. एलओक्यू ०.१ किंवा त्याहून खाली हवा. शिशाबरोबर क्रोमियमही मोजा असं आवर्जून सांगा. का, ते पुढे येतं.

नमुना काढणं हेच खरं काम आहे आणि लोक तिथेच आळस करतात. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर काढायची नाही. वरून, मधून, तळातून, कडेकडेने अशी आठ-दहा ठिकाणची हळकुंडं काढा. मी दोनेक किलो काढते, स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या खलबत्त्यात भरड करते आणि कोऱ्या कागदावर ढीग करते. ढीग सपाट करायचा, पोळीसारखे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे. उरलेलं पुन्हा मिसळून पुन्हा तेच. पाव किलोवर आलं की थांबायचं. त्यातली अर्धी भरड झिपच्या पिशवीत प्रयोगशाळेला, अर्धी सीलबंद करून तारीख, लॉट आणि बिलाचा नंबर लिहून घरी. ही घरची अर्धी पिशवी विसरू नका. भांडण झालंच तर तीच साक्षीदार.

तुम्ही दुकानातून घेतलेला माल सरकारी अन्न विश्लेषकाकडूनही तपासून घेऊ शकता. अन्न सुरक्षा कायद्याच्या, म्हणजे २००६ च्या कायद्याच्या कलम ४० खाली तो तुमचा हक्क आहे. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासायला देणार आहे. माल नियमात बसत नाही असा अहवाल आला तर भरलेली फी परत मिळते. मी हे एका दुकानात नुसतं बोलून पाहिलं. मालकाने पोतं आत नेऊन दुसरं आणलं. चाचणीआधीच निकाल!

रिपोर्ट वाचताना

मिलिग्रॅम प्रति किलो, मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आणि पीपीएम, तिन्ही एकच. "बीएलक्यू" लिहिलं असेल तर मोजता येईल इतकं शिसं नाही, असा अर्थ. शिसं अजिबात नाही असा त्याचा अर्थ होत नाही, म्हणून शेजारचा एलओक्यूचा आकडाही बघा. थोडं शिसं मातीतूनही येतं.

आता क्रोमियम. लेड क्रोमेटमध्ये शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा एक अणू असतो. शिशाचा अणुभार २०७, क्रोमियमचा ५२. म्हणून वजनात शिसं क्रोमियमच्या साधारण चौपट भरतं. माझ्या रिपोर्टात ३१ ला ८.४ ने भागलं तर ३.७ येतात. थोडं क्रोमियम माती आणि यंत्रांतून आलं असेल हे धरलं, तर गणित सरळ रंगाकडे बोट दाखवतं. शिसं वाढलेलं आणि क्रोमियम नावाला, असं असेल तर उगम दुसरा शोधावा लागतो: माती, धूळ, वाळवायची जागा. मी हे गणित व्यापाऱ्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही तर वर्षानुवर्षं हेच विकतो." त्या वाक्यात त्याने काय कबूल केलं ते त्याच्या लक्षात आलं नसावं. पैसे परत मिळायला पाच महिने लागले.

असा रिपोर्ट आला तर हळद वापरणं त्या क्षणी बंद. कुंडीत, गाईच्या आंबोणात, नदीत टाकायची नाही. पिशवीत बांधून लेबल लावून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे बिलासकट तक्रार करा. फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवरूनही करता येते.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि ती हळद महिनोन्‌महिने पोटात गेली असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासा. शिरेतून काढलेलं रक्तच द्या, बोटाच्या टोकावरच्या धुळीनेही आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आलं की उगम शोधून थांबवा म्हणते, अमेरिकेत मुलांसाठी ३.५ धरतात. मुलांचं आतडं शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेतं, आणि अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी. तेव्हा उगम बंद करणं आणि पोटभर, लोह-कॅल्शियमचं जेवण, ही पहिली दोन कामं. नाचणी, तीळ, बाजरी, पालेभाजी, वर लिंबू. इथे "पी हळद आणि हो गोरी" चालत नाही. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला महिनाभर लागतो, हाडांत बसलेलं वर्षानुवर्षं राहतं. डिटॉक्सच्या नावाखाली कुणी भस्म देत असेल तर नाव विचारून घ्या. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म.

राहिलं दळण. निवडून, तपासून घेतलेली हळद सार्वजनिक गिरणीत नेलीत तर आधीच्या गिऱ्हाइकाची पूड जात्यात असतेच. गिरणीवाल्याला सांगून आपलीच पाव किलो हळकुंडं आधी दळून घ्या आणि ती पूड बाजूला काढा. माझ्याकडे मावशी त्या पुडीत जुने पायपुसणे रंगवतात. पुढचं दळण काचेच्या बरणीत, वर चिठ्ठी: लॉट, तारीख, शिसं. सध्याच्या बरणीवर लिहिलंय ०.४.